हलका हात

चंद्रभागेचा हात हलका आहे, हे मातोरीच्या रस्त्याकडच्या सगळ्या मळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला ती स्वतः सांगायची, आणि एकदा सांगून तिचं भागायचं नाही. झेंडूचे हार ओवायला बसली की सुई कुठून शिरली न् कुठून निघाली, बघणाऱ्याला कळत नसे. त्याच हातानं तिनं आजूबाजूच्या लेकीसुनांची नाकं-कानं टोचली होती. 'आक्का टोचती तर मुंगी चावल्याइतकं बी दुखत नाय,' असं बाया म्हणायच्या. पन्नाशीची, काटक बाई. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर पल्याडच्या मळ्यातली कुत्री उठून बसावीत.

यंदाच्या नवरात्रात तर आक्काचे पाय जमिनीला लागत नव्हते. एक तर झेंडू असा फुटला होता, की वावरात उभं राहिलं की डोळे दिपावेत. दुसरं म्हणजे सून गरोदर होती. सातवा महिना लागलेला, घरातलं पहिलं नातवंड.

"हात चालवा गं, हात चालवा!" ती तांबडं फुटायच्या आत ओरडत होती. "आभाळ बघा कसं तोंड फुगवून बसलंय. आज-उद्या कोसळलं तर दसऱ्याला काय शेणाचे हार विकायचे का?"

तिचा नवरा केरू मुकाट्यानं खुडत होता. तो बोलायचा कमी. दोघांचं बोलणं मिळून जेवढं व्हायला हवं तेवढं चंद्रभागाच बोलून टाकायची. मुलगा सोमनाथ टेम्पोत कॅरेट रचत होता. सून हर्षाली सरीच्या तोंडाशी वाकून फुलं गोळा करत होती, तेवढ्यात तिनं एक भरलेलं कॅरेट उचलायला हात घातला.

"ठेव! ठेव ते खाली!" चंद्रभागा तीन सऱ्या ओलांडून धावली. "अगं बये, पोटात काय वाढवू ऱ्हायली, भान हे का? सोम्या, तुझे हात काय झिजले का रं?"

"आई, रिकामंच हे ते अर्धं," हर्षाली हसली.

"रिकामं असू दे नायतर भरलेलं. नातू होऊ दे नायतर नात, मला धडधाकट पाहिजे. बाराव्या दिवशी कान म्या टोचणार हे, या हातानं." आणि तिनं फुलांनी पिवळा झालेला हात सगळ्या शेताला दाखवला.

त्याच दिवशी हर्षालीची तपासणी होती. सोमनाथ फुलबाजारात जाणार, म्हणून सुनेला घेऊन चंद्रभागाच उपकेंद्रावर निघाली. खरं तर सोमनाथ मोकळा असता तरी तीच गेली असती. वाटेत भेटेल त्याला थांबवून तिनं सातवा महिना सांगितला. दुधवाल्याला सांगितला, गिरणीवाल्याला सांगितला.

उपकेंद्रावर प्रतिभा सिस्टर होत्या. चष्मेवाल्या, शांत, पण एकदा म्हणाल्या म्हणजे म्हणाल्या. त्यांनी हर्षालीच्या पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर धडधड धडधड आवाज झाला. चंद्रभागेनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"अगं बाई! कसं घोडं उधळलंय आत!"

"बाळाचे ठोके असेच जोरात असतात, आक्का," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी हर्षालीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला. "यंदापासून आपल्याकडं गरोदर बायांची कावीळ-सीची, म्हणजे हिपॅटायटिस-सीची पण तपासणी होते. एक रेघ आली की सुटलो."

चंद्रभागा पट्टीकडं बघतही नव्हती. तिच्या कानात अजून ते घोडंच धावत होतं. सिस्टरांनी मात्र पट्टी उजेडात धरली, पुन्हा धरली, आणि दार लोटून घेतलं.

"हर्षाली, सासूबाईंना आत राहू द्यायचं का? तुझी मर्जी."

"राहू द्या सिस्टर. बाहेर गेल्या तरी खिडकीतून ऐकतील."

पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. सिस्टरांनी नीट, सावकाश सांगितलं. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो, यकृतात घर करतो आणि वर्षानुवर्षं कळू देत नाही. पट्टी एवढंच सांगते, की तो कधीतरी अंगात शिरला होता. अजून आहे की शरीरानंच त्याला हाकलून दिलंय, ते दुसऱ्या तपासणीत कळेल. त्यासाठी नसेतलं रक्त नाशिकला पाठवायचं.

"आणि बाळ?" हर्षालीनं विचारलं. तिचा हात पोटावर गेला होता.

"तुझ्या रक्तात तो असला तरी बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. थोड्यांना होतो, म्हणून लक्ष ठेवायचं. आणि याला औषध आहे. बाळंतपण झालं की गोळ्या सुरू करता येतात, सरकारी दवाखान्यात मिळतात. माणूस बरा होतो. एका ताटात जेवून, एका घरात राहून हा होत नाही, हे पहिलं डोक्यात ठेव."

चंद्रभागेच्या डोक्यात त्यातलं काही एक राहिलं नाही. रक्त आणि बाळ एवढेच दोन शब्द राहिले.

"आता मी विचारते ते आठवून सांग," सिस्टर म्हणाल्या. "कधी रक्त चढवलं होतं? ऑपरेशन? एकाच सुईनं चार जणांना इंजेक्शन, असं कुठं घेतलं? गोंदवून—"

"हे बघा!" चंद्रभागेनं सुनेचं मनगट धरून टेबलावर आदळलं. मनगटावर बोटभर मोरपीस होतं. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर त्र्यंबकला गेली असताना हर्षालीनं ते जत्रेत गोंदवून घेतलं होतं. "हे बघा, हेच ते! लग्नात बघितलं तवाच म्या म्हणलं होतं, हे काय नखरे? माहेरावून घेऊन आली! माझ्या घरात, माझ्या नातवंडाच्या जिवाला घेऊन आली!"

"आक्का, असूही शकतं. पण माझं विचारून संपलेलं नाही—"

पण आक्काचं संपलं होतं. सिस्टरांनी कसंबसं नसेतलं रक्त घेतलं आणि चंद्रभागा सुनेला घेऊन तरातरा बाहेर पडली. येताना वाटेत गिरणीवाला भेटला, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

घरी आल्याबरोबर तिनं फडताळातलं एक ताट काढलं, काठाला पोचा आलेलं. ते हर्षालीपुढं ठेवलं. "हे तुझं. तांब्या बी वेगळा. चुलीकडं यायचं नाय."

"आई, सिस्टर म्हणल्या ना, ताटानं होत नाय."

"सिस्टर माझ्या घरात नांदती का?"

केरू हात धुऊन जेवायला आला होता. त्यानं ते ताट बघितलं. "अगं, पोटुशी हे ती," तो म्हणाला. एवढंच. सोमनाथ टेम्पो लावून आला, बायकोकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि भाकरी न खाताच पुन्हा बाहेर गेला. आईपुढं बोलायची त्याला सवय नव्हती आणि त्या दिवशी त्याला त्याचीच लाज वाटत होती.

चंद्रभागेनं विहिणीला फोन लावला. विहीणबाई देवळ्याकडच्या, कांद्यात हयात घालवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमनी पोर चांगली शे, बाई. धडधाकट धाडेल व्हती तुमना घर."

"चांगली शे तर घेऊन जा तिकडं! दसरा होऊ द्या, पाठवून देते!" चंद्रभागेनं फोन आपटला. मग तीच पडवीत जाऊन डोळे पुसत बसली, पण ते कुणाला दिसू दिलं नाही.

दिवस कामाचे होते, रडायला कुणाला सवड होती? दुपारभर पडवीत हारांचा ढीग पडायचा. हर्षाली एका कोपऱ्यात बसून ओवायची. देवळ्याची पोर, तिला फुलांची सवय नव्हती, पण वर्षभरात चांगली शिकली होती. चौथ्या माळेच्या दिवशी तिच्या बोटाला सुई लागली. टिपूसभर रक्त आलं असेल नसेल. चंद्रभागेनं झडप घालून तिच्या मांडीवरचा सगळा हार ओढला, सकाळपासून ओवलेला, दाराला लावायचा लांबलचक हार, आणि उकिरड्यावर भिरकावला. शेजारच्या मळ्यातली नवसाबाई समोरच देठं खुडत होती.

"अगं आक्का, सोन्यासारखा हार! काय झालं?"

"किडका होता," चंद्रभागा म्हणाली.

हर्षालीनं सुई खाली ठेवली. बोट तोंडात धरलं आणि खाली मान घालून बसून राहिली. रडली नाही. तिचं ते न रडणं चंद्रभागेला जास्त बोचलं, पण म्हणून ती थांबली असती तर मग चंद्रभागा कसली!

पाचव्या माळेला सकाळीच नवसाबाई आपल्या नातीला घेऊन हजर. नात पिंकी, अकरावीला. दसऱ्याला तिला नथ घालायची हौस आली होती.

"आक्का, टोच बाई हिचं नाक. सोनाराकडं जायचं तर हिचे पाय लटपटतात."

चंद्रभागेला तेवढंच बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ती खुलली. ओट्यावर पाट मांडला, वाटीत हळद-तेल कालवलं, कमरेच्या चंचीतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली सुई काढली. सुई सासूची. सासूनं हिचं नाक टोचलं होतं, मग मरताना सुई हिच्या हातात दिली होती. आतापावेतो किती नाकं झाली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. सुई तेलात बुडवली, पदरानं पुसली.

पिंकीनं डोळे घट्ट मिटले. "आक्का, लय दुखंल का?"

"डोळे उघड. माझ्याकडं बघ. माझी रीत माहीत हे ना? आधी माझं बोट, मग तुझं नाक." आणि तिनं सुईचं टोक आपल्या तर्जनीत टचकन घातलं. लालभडक थेंब वर आला. "बघ, रडले का मी? आता तू बी नाय रडायचं." तिनं पोरीची हनुवटी धरली आणि सुई नाकपुडीजवळ नेली.

"थांबा! आक्का, थांबा!"

प्रतिभा सिस्टर होत्या. स्कूटी त्यांनी अंगणात तशीच आडवी टाकली होती आणि त्या पळत येत होत्या, शांत बाई, चष्मा घसरलेला. त्यांनी येऊन चंद्रभागेचा हातच धरला. पिंकी किंचाळली. नवसाबाई म्हणाली, "आता गं बया!" कोंबड्या फडफडल्या. आवाज ऐकून हर्षाली दारात आली.

"सिस्टर, डोकं फिरलं का तुमचं? सुई डोळ्यात गेली असती पोरीच्या!"

"नवसाबाई, पिंकीला घेऊन जरा विहिरीकडं जा. जा म्हणते ना." नवसाबाई जायला तयार नव्हती, पण सिस्टरांचा चेहरा बघून गेली. ती लांब गेल्यावर सिस्टरांनी आवाज खाली आणला. "मी राहिलेले प्रश्न विचारायला आले होते. आक्का, हर्षालीचं नाक कोणी टोचलं?"

"म्या टोचलं. दुसरं कोण टोचणार?" चंद्रभागेची छाती आपोआप वर झाली. "पहिल्या संक्रांतीला, नथीसाठी. ह्याच ओट्यावर, ह्याच सुईनं. इचारा तिला, हूं की चूं केलं नाय."

"आणि बोट? तेव्हा पण आधी तुमचंच बोट?"

"आधी माझंच. मग? नवी पोर, भ्यालेली. तिला धीर नको का यायला? मी माझ्या बोटात—"

ती थांबली. हातातली सुई अजून ओली होती. तिनं सुईकडं बघितलं, बोटाकडं बघितलं, आणि दारात उभ्या असलेल्या हर्षालीच्या नाकातल्या बारीक चमकीकडं बघितलं.

"पण मला कुठं काय हे?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "मला कधी ताप बी येत नाय. मी कधी गोंदलं नाय. मला कोण काय देणार?"

"रक्त चढवलं होतं," केरू म्हणाला.

तो गोठ्याच्या मेढीला टेकून उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. "सोमनाथच्या टायमाला. बाळंतपणात हिचं लय रक्त गेलं. डॉक्टर म्हणले, बाई हातची जाती. कुठून कुठून रक्त आणून दोन बाटल्या लावल्या." आयुष्यात तो एका दमात एवढं बोलला नव्हता.

"तेव्हा रक्ताची ही तपासणी होत नसे," सिस्टर म्हणाल्या. "आक्का, बोट द्या."

पट्टी ओट्याच्या कडेला ठेवली. चंद्रभागा, केरू, हर्षाली, सगळे तिच्यावर वाकले. पहिली रेघ आली. मग, सगळ्यांना वाटलं की आता काही येत नाही, तेव्हा दुसरी आली, चांगली ठसठशीत.

चंद्रभागेनं ते बोट पदरात दडवलं. ती ओट्यावर खाली बसली. जीव वाचवणारं रक्त, त्याच रक्तानं आलेलं ते, सव्वीस-सत्तावीस वर्षं अंगात गप बसलेलं. आणि तिनं काय केलं, तर ज्या पोरीला सून करून घरी आणलं तिच्या नाकातून ते आत घातलं. प्रेमानं! धीर द्यायला!

"नक्की कशातून गेलं हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "गोंदणातूनही गेलं असेल. तुम्ही—"

"नका मला सोडवू, सिस्टर."

हर्षाली आत जाऊन पाणी घेऊन आली. तिनं तांब्या सासूपुढं धरला, घरातला, रोजचा.

"लांब ठेव! शिवू नको मला!" चंद्रभागा ओरडली, आणि ओरडल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. हेच शब्द दोन दिवस तिनं या पोरीला ऐकवले होते. तिचं तोंड वाकडं झालं. "म्या केलं गं पोरी. म्या केलं आणि तुझ्या आईला काय काय बोलले. तुझा हार उकिरड्यावर टाकला. मी मेले का नाय गं त्या बाळंतपणात!"

"मेल्या असत्या तर सोमनाथला वाढवलं कोणी असतं? मला हा नवरा कुठून मिळाला असता?" हर्षाली म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण बोलली चिडूनच. "पाणी प्या आधी. आणि ती सुई द्या सिस्टरांना."

सिस्टरांच्या पिशवीत जाड प्लास्टिकचा डबा होता, वापरलेल्या सुया टाकायचा. चंद्रभागेनं सासूची सुई ओट्यावरून उचलली, एकदा कपाळाला लावली आणि डब्यात टाकली. मग हात पुढं केला आणि सिस्टर आपल्या नसेतून रक्त काढत होत्या ते बघत बसली.

"बाकीच्या बायांचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांनाही तपासायला हवं. मी घरोघर जाईन. तुमचं नाव घेणार नाही."

"तुमी कशाला जाता? टोचलं कोणी, तुमी का मी?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या मळ्यांतल्या बाया चंद्रभागेच्या झेंडूत उतरल्या होत्या. दसऱ्याआधी एकमेकींच्या वावरात खुडायला जायचं, ही तिथली रीत. आभाळ उतरून आलं होतं, गार वारा सुटला होता. चंद्रभागा मधल्या सरीत उभी राहिली.  आयुष्यात कधी बोलायला घाबरली नव्हती, त्या दिवशी घाबरली.

"अगं ए बायांनो! जरा हात थांबवा!"

हात थांबवा, हे आक्काच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या बघायला लागल्या.

"मला कावीळ-सी निघाली हे. लय जुनी, रक्तातली. सोम्याच्या टायमाला रक्त चढवलं त्यातून. आणि मी तुमची नाकं टोचताना आधी माझं बोट टोचायचे. तर ते तुमच्यात बी गेलं असंल. शिव्या द्यायच्या तर द्या. पण आधी तपासून घ्या." हर्षालीचं नाव तिनं घेतलं नाही. ते सांगायचं तर त्या पोरीनं सांगायचं.

 मग नवसाबाईनं फुलांची ओटी दाणकन जमिनीवर सोडली. "म्हणजे काल माझी पिंकी... आक्का! माझ्या लेकीचे कान, माझ्या सुनेचं नाक, समदं तूच केलं गं! आम्ही म्हणायचो हात हलका, हात हलका! जळो तुझा हात!"

"जळो," चंद्रभागा म्हणाली.

 भांडायला आलेल्या बाईला समोरची भांडली नाही तर करायचं काय? नवसाबाई तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात हर्षाली पुढं आली, पोट सांभाळत, आणि म्हणाली, "माझं नाक बी आईंनीच टोचलं. माझी झाली तपासणी. मला बी दोन रेघा आल्या. बघा, मी उभी हे ना तुमच्यासमोर? गोळ्यांनी बरं होतं हे. माहीत नसलं तर मात्र बरं होत नाय."

"पोटुशी पोर तू," सावित्रीबाई नावाची म्हातारी पुटपुटली, आणि सगळ्यांत आधी तिनंच डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "चला. कुठं जायचं?"

सोमनाथनं त्या दिवशी पहिल्यांदा आईला न विचारता काहीतरी केलं. टेम्पोतली भरलेली कॅरेट भराभर खाली उतरवली. "बसा समद्या!" तो ओरडला. केरूनं म्हाताऱ्यांना हात देऊन चढवलं. फाळक्याला धरून बाया उभ्या राहिल्या, केसांत झेंडू, पदर खोचलेले, हात पिवळे. चंद्रभागा मागं कडेला, कुणाला अंग लागू नये म्हणून आक्रसून उभी. टेम्पो हलला आणि खड्ड्यात गेला तशी नवसाबाई तिच्या अंगावर जाऊन आदळली.

"नीट धर ना मला! पडले तर तो आजार परवडला म्हणायची पाळी यायची!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. कुणीतरी देवीचं गाणं काढलं आणि टेम्पो गाणं म्हणत उपकेंद्रावर गेला. प्रतिभा सिस्टर बाहेर आल्या तर दारात ही जत्रा. त्यांना आधी हसू आलं, मग चष्मा काढून पुसावा लागला. पट्ट्या लागल्या. एकेकीची एकच रेघ आली की बाहेरच्या बाया टाळ्या वाजवायच्या. सावित्रीबाईनं बाहेर येऊन दोन बोटं वर केली तेव्हा टाळ्या थांबल्या. चंद्रभागा तिच्या पायाशीच बसली.

"ऊठ गं," सावित्रीबाई म्हणाली. "मला सोबत लागंल दवाखान्यात जायला. तू येशील का नाय?"

"येईन," चंद्रभागा म्हणाली. "गोळी खायची तर तुमच्यासंगंच खाईन."

खंडेनवमीला पहाटे केरूनं पाटावर अवजारं मांडली. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, हार ओवायच्या सुया. सासूच्या सुईच्या पिवळ्या फडक्याची जागा मोकळी होती. चंद्रभागेनं त्या मोकळ्या जागेवरही एक फूल ठेवलं.

पाऊस हुलकावणी देऊन निघून गेला होता. ऊन पडायच्या आत सगळं घर नाशिकच्या गंगापूर रोडला फुटपाथवर हारांचे ढीग मांडून बसलं. गाड्या थांबत होत्या, बाया काचा खाली करून भाव करत होत्या, सोमनाथ ओरडून ओरडून घसा बसवत होता. हर्षाली छत्रीच्या सावलीत ओवत होती. चंद्रभागेनं तिला दगदग नको म्हणून घरीच राहा सांगितलं होतं, पण आता घरात सांगणारं एकच माणूस राहिलं नव्हतं. दुपारी डबे सोडले. चंद्रभागेनं आपल्या पिशवीतून ताट काढलं, पोचा आलेलं तेच, आणि सगळ्यांपासून लांब, झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती त्यातच जेवत होती. कुणी सांगून ऐकत नव्हती.

तोच सिस्टरांचा फोन आला. हर्षालीनं उचलला, ऐकलं, आणि फोन सासूकडं नेला.  "आई, तुमीच ऐका."

"बोला सिस्टर," चंद्रभागा म्हणाली. घास हातातच राहिला होता.

"दोघींचे रिपोर्ट आलेत, आक्का. हर्षालीच्या रक्तात विषाणू नाही. शिरला होता, पण तिच्या शरीरानंच त्याला घालवलाय. खबरदारी म्हणून पुढं एकदा बघू, पण बाळाला त्याच्यापासून धोका नाही. आक्का? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"तुमच्या रक्तात मात्र आहे. गोळ्या सुरू कराव्या लागतील. घाबरू नका—"

"मला हे ना?" चंद्रभागा ताडकन उठली. "आणि तिला नाय? नक्की? पुन्हा सांगा! सोम्या, अरे सोम्या! मला हे! तुझ्या बायकोला नाय! मलाच हे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. एक बाई गाडीतून उतरून हाराचा भाव विचारत होती, चंद्रभागेनं सगळ्यांत मोठा हार तिच्या गळ्यात घातला. "घ्या ताई! घेऊन जा! भाव-बीव काय नाय! मला आजार निघाला हे!"

ती बाई हार घेऊन घाईघाईनं गाडीत बसली. केरू हसत होता, हसता हसता पाठ फिरवून डोळे पुसत होता. सोमनाथ बायकोचा हात धरून भर रस्त्यात उभा होता. मग चंद्रभागेनं देवळ्याला फोन लावला आणि विहीणबाईंना म्हणाली, "तुमची पोर चांगली हे बाई. माझंच तोंड वाईट. बाळंतपणाला न्यायला या, आणि या पोरीला परत मात्र पाठवा." पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला कळलं नाही, पण ऐकताना चंद्रभागा एकसारखी मान डोलवत होती.

फोन झाल्यावर ती पुन्हा बुंध्याशी जाऊन आपल्या ताटापुढं बसली. हर्षाली छत्रीखालून उठली, पोटाला हात लावत सावकाश आली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. त्याच ताटातल्या भाकरीचा तिनं मोठा तुकडा मोडला.

"अगं, अगं, काय करू ऱ्हायली!"

"जेवू ऱ्हायले. भूक लागली हे, दोघांना."

 चंद्रभागेनं ठेचा सुनेच्या बाजूला सरकवला. 

"आई, बाळाचे कान?" हर्षालीनं विचारलं.

"दवाखान्यात. नव्या सुईनं," चंद्रभागा म्हणाली. "टोचू दे त्यांना. मी नुसती मांडीवर घेऊन बसंन."

"रडलं तर?"

"तर माझं बोट धरायला देईन." तिनं भाकरी मोडली आणि सुनेच्या हातावर ठेवली. "खा. गार होती."